कोण लागते ती तुमची?

११ फेब्रुवारी

टाचणीच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी इतकं सरळ सांगितलं नाही. त्यांनी आकडे सांगितले, रिपोर्ट आमच्याकडे फिरवून दाखवला, आणि आम्ही दोघी शहाण्या मुलींसारख्या माना हलवत बसलो. बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे हात टेकले, असं म्हणायचं होतं त्यांना." मग तिला तहान लागली. बाटली तोंडाशी नेली, आणि पाणीसुद्धा आता मोजून प्यायचंय हे आठवून ती मला परत दिली.

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. पण आज जे डोक्यात घोळतंय ते टाचणीला सांगता येत नाही, आणि तिला सांगता येणार नाही असं काही मला आजवर सांभाळावं लागलेलं नाही. मग ठेवू कुठे?

आमचं पडद्यांचं दुकान आहे. मी लोकांच्या घरी जाऊन मापं घेते, दांड्या ठोकते, पडदे टांगते. ती शिवते. तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून ती टाचणी. मी उंच, शिवाय निम्मा दिवस शिडीवर, म्हणून मी शिडी. दुकानावर समोरासमोर दोन खोल्या, मध्ये जिना. एकीत मी, एकीत ती. नवरा वारल्यावर चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली होती, ती फक्त माझी समोरची खोली भाड्याने मिळते का बघायला. लेक लग्न होऊन परगावी गेली त्यालाही आता दोन वर्षं झाली.

डोक्यात घोळतंय ते एवढंच, की माझ्याकडे दोन आहेत.

१६ फेब्रुवारी

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुई आली की मीच तोंड फिरवते, ती मात्र नर्सबाईंना त्यांच्या खिडकीचा पडदा किती वाकडा शिवलाय ते सांगत बसते.

लेकीला चौथा महिना लागलाय, तिची किडनी घेता येणार नाही. टाचणीला ना भाऊ ना बहीण. आज परत येताना रिक्षात मी म्हणून टाकलं, माझी घे. रक्तगट जुळतो, मी विचारून आलेय. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "तुझीही लांबलचक असेल. माझ्यात मावायची नाही."

ती नाही म्हणाली नाही, म्हणजे तिला हवी आहे. जीव भांड्यात पडला.

२२ फेब्रुवारी

दादा आणि वहिनी आले होते. मीच फोनवर सांगितलं होतं, लपवायचं काय त्यात. दादाने सुरुवात प्रेमाने केली. पन्नाशीला आलीस, उद्या तुला काही झालं तर कोण बघणार? मी म्हटलं, ती बघेल. मग तो चिडला. म्हणाला, लोक आधीच काय काय बोलतात. काय बोलतात, असं मी विचारलं, तर तो चहाच्या कपात बघत बसला आणि वहिनी उगाच उठून खिडकी लावायला गेल्या. काय बोलतात ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. लोकांना उद्योग नसतो.

जाताना वहिनी जिन्यात थांबल्या. "वन्सं, रागावू नका. तिच्याशिवाय तुम्हाला करमत नाही, हे मला कळतं. पण करमत नाही म्हणून कोणी किडनी देतं का?"

मी म्हटलं, तिला जगवायला देतेय, मला करमायला नाही. वहिनी बरं म्हणाल्या. त्यांचं ते "बरं" मला दिवसभर चावत होतं.

६ मार्च

हॉस्पिटलच्या समाजसेविका बाईंकडे जाऊन आलो. रक्ताचं नातं असतं तर नुसते दाखले लागले असते. नाही म्हणून मंजुरी समितीपुढे जावं लागणार. कोणी पैशासाठी किडनी विकत नाही ना, कोणावर दडपण नाही ना, हे ते बघतात. समितीला पटलं पाहिजे की आमच्यात जिव्हाळा आहे.

"मग पटेल की," मी म्हटलं. "तिची लेक मला मावशी म्हणते. आम्ही मानलेल्या बहिणी."

समाजसेविका बाईंनी पेन खाली ठेवलं. चांगल्या आहेत स्वभावाने, पण थकलेल्या. म्हणाल्या, "असं बोलू नका तिथे. तिथे येणारा प्रत्येक जण मानलेला भाऊ नाहीतर मानलेली बहीण असतो. कालचे दोघे मानलेले भाऊ होते, एकाला दुसऱ्याचं आडनाव सांगता आलं नाही."

दोघींचे एकत्र फोटो आणा म्हणाल्या. घरी येऊन सगळं उलथंपालथं केलं. लेकीचे ढीगभर सापडले. आमचा एकत्र एकच, लेकीच्या लग्नातला, आणि त्यातही मी शिडीवर चढून मांडवाचं कापड बांधतेय आणि ती खालून मला काहीतरी ओरडून सांगतेय. एका घरात राहणारी माणसं एकमेकांचे फोटो कशाला काढतील?

९ मार्च

समितीपुढे काय सांगायचं याची दुकानात उजळणी केली. मैत्रीण हा शब्द मला पचत नाही. मैत्रीण बाजारात भेटते, बोलते, आपल्या घरी जाते. जिवलग म्हटलं, तर ती म्हणाली, हे पत्रात लिहायचं, बोलायचं नाही. जिवश्चकंठश्च म्हटलं, तर म्हणाली, खोकल्याचं औषध वाटतं. मी म्हटलं, मग दोन शरीरं एक प्राण. त्यावर तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"एक प्राण, तर मग मी एकटीच कशी आजारी?"

खूप हसलो. ती हसता हसता दमली आणि टेबलावर डोकं ठेवून बसली. मग तसंच, मान वर न करता म्हणाली, "भागीदार सांग. खरं तेच आहे."

मला ते लागलं. तिला म्हटलं नाही काही. आजारी माणसाचं बोलणं मनावर घेऊ नये.

१८ मार्च

टाचणीने एक बाई बघितली आहे शिवायला. चाळिशीची, हात स्वच्छ, बोलणं कमी. ऑपरेशननंतर काही महिने तिला मशीनवर बसवणार नाही, तेव्हा कोणीतरी हवंच, हे बरोबर आहे. पण ती तिला सगळंच शिकवायला बसली आहे. चुण्या सारख्या कशा घ्यायच्या इथपासून कोणता व्यापारी खराब कापड गळ्यात मारतो इथपर्यंत. मी म्हटलं, अगं, तीन-चार महिन्यांसाठी एवढं कशाला? ती म्हणाली, असू दे.

टेबलाखाली फिक्या हिरव्या पडद्यांची एक जोडी शिवून तयार आहे. माप आपल्या कोणत्याच गिऱ्हाईकाचं नाही. विचारलं, तर लेकीच्या घरासाठी म्हणाली. लेकीने बाळंतपणासाठी आईला मागची खोली करून दिली आहे, फोनवर मला कौतुकाने सांगत होती. खाट सकाळच्या उन्हाकडे लावली आहे, कपाट नवीन घेतलंय. महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी किती ते कौतुक. पण पोरीचा आईवर जीवच तसा आहे.

२८ मार्च

समिती झाली. आणि झाली नाही.

आधी दोघींना वेगवेगळं आत बोलावलं. टाचणी आधी. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता पाण्याच्या टाकीकडे गेली. पाणी पिता येत नाही, तरी तिथे उभी राहिली.

मग मी. लांब टेबल, पाच माणसं, मधल्या अध्यक्ष बाई पांढऱ्या केसांच्या. पहिलाच प्रश्न. कोण लागते ती तुमची? केलेली सगळी उजळणी बाजूला राहिली. मी दुकानाबद्दल, लेकीबद्दल, जिन्याबद्दल सांगत सुटले. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. मग विचारलं, ऑपरेशननंतर तुम्ही दोघी कशा राहणार? हा सोपा प्रश्न होता. मी म्हटलं, आहोत तशाच. ती शिवेल, मी टांगेन.

अध्यक्ष बाईंनी शेजारच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुमच्यावर संशय नाही. पण या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दोघींनी वेगळं दिलं आहे. घरी जाऊन बोला. मग पुन्हा या."

मी रिक्षात विचारलं. घरी सांगते म्हणाली. घरी आल्यावर झोपली.

२९ मार्च

ती जाणार आहे. लेकीकडे, कायमची.

आजारपण कळायच्या आधीच ठरलं होतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात. मला सांगायचं म्हणून रोज तोंड उघडायची आणि रोज दुसरंच बोलायची, असं म्हणते. मग आजार आला, मग मी रिक्षात किडनी पुढे केली, आणि मग सांगणं आणखीच अवघड झालं. समितीला तिने सांगितलं, की हे माझ्या भागीदारणीला माहीत नाही, आणि तिला सांगितल्याशिवाय मी तिच्याकडून काही घेणार नाही.

पाच परक्या माणसांना सांगितलं. मला नाही.

मी विचारलं, इथे काय कमी पडलं तुला? ती म्हणाली, काहीच नाही. हे उत्तर मला सगळ्यात वाईट वाटलं. काही कमी पडलं असतं तर आणून दिलं असतं.

१ एप्रिल

बोलणं बंद. नवी बाई दोघींमध्ये निरोप्याचं काम करते. बिचारीला वाटत असेल, कुठे येऊन पडले.

हिरवे पडदे उसवून टाकावेत असं वाटलं. कात्री हातात घेतलीही होती. शिवण बघितली आणि परत ठेवली. असली शिवण उसवायला माझे हात धजत नाहीत.

३ एप्रिल

समाजसेविका बाईंना फोन करून सांगितलं, मी येणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. देणाऱ्याला कधीही माघार घेता येते, म्हणाल्या, आणि आम्ही पेशंटला फक्त "दाता योग्य ठरत नाही" एवढंच सांगतो. म्हणजे टाचणीला माझ्या तोंडून कळायचीही गरज नाही. किती सोय केली आहे लोकांची.

फोन ठेवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. दादाला सांगितलं. तो म्हणाला, शहाणी आहेस. त्यानंतर जेवण गेलं नाही.

६ एप्रिल

आज ती डायलिसिसला एकटी गेली. मी हाक मारली नाही, तिने थांबून बघितलं नाही. दुपारी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग चपलांचा, जिन्यावर. मग आवाज थांबला.

मी कापड कापत होते. खरं लिहायचं तर मी लगेच उठले नाही. मला कळलं होतं की ती जिन्यात बसली आहे, वर चढवत नाहीये तिला. मी पूर्ण लांबी कापून संपवली. नवी बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यानेच मी उठले.

तिसऱ्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मी खालच्या पायरीवर बसले. जिना अरुंद, म्हणून एकीच्या खाली एक.

मग ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुला कितीदा नाही म्हटलं असेल?"

"रोज," मी म्हटलं.

"तुझी किडनी पोटात घातल्यावर कसं म्हणू? तू तोंडाने थांब म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. नुसती दारात उभी राहशील. आणि मी थांबेन. भाडेकरू म्हणून आले होते, पुन्हा भाडेकरूच होईन."

मी म्हटलं, मग मेलीस तरी चालेल का तुला?

"नाही चालायचं. मला नातवंड बघायचंय. भीती वाटते मला, शिडी. म्हणून तर तुला सांगवत नव्हतं. सांगितलं आणि तू नाही म्हणालीस तर?"

मी नाही म्हणून आले आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिने मान हलवली, जणू कोणीतरी कापडाचा भाव सांगितला. म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि तिला राग आला नाही हे बघून मला इतका राग आला, की मी तिला काखेत हात घालून उठवलं आणि वर नेलं. काहीच वजन राहिलेलं नाही तिच्यात.

८ एप्रिल

समाजसेविका बाईंना परत फोन केला. येते म्हटलं. या वेळी त्यांनी कारण विचारलं, मी तारीख विचारली.

मी काही देवमाणूस नाही. मनाच्या एका कोपऱ्यात अजून आहे, की किडनी दिली तर ती जाणार नाही. तो कोपरा साफ होईपर्यंत थांबले तर ती जगायची नाही.

टाचणीला सांगितलं, मी देतेय, आणि तू जा. ती म्हणाली, विचार कर. मी म्हटलं, केला, आता करवत नाही.

२६ एप्रिल

दुसऱ्यांदा समिती. तीच खोली, तीच माणसं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, बोललात का? बोललो म्हटलं. मग पुन्हा तोच प्रश्न. कोण लागते?

या वेळी काही ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, "ती मला सोडून जाणार आहे. मला तिचा राग आहे. किडनी घेतली की जायची नाही, असंही वाटतं मधूनमधून, ते खोटं कशाला सांगू. पण ती नसली तर, इथे नाही, कुठेच नसली तर, तो विचारच मला करवत नाही. याला काय म्हणतात ते तुम्ही लिहा. मला शब्द सापडत नाही."

एक जण काहीतरी विचारणार होता, अध्यक्ष बाईंनी हाताने थांबवलं. आणि लिहिलं. पानभर नाही, एवढंसंच. काय लिहिलं ते टेबल लांब असल्यामुळे दिसलं नाही.

मंजुरी मिळाली.

२२ मे

लिहिवत नाही. कुशीवर कोणीतरी तापलेली इस्त्री ठेवल्यासारखं. माझं सकाळी झालं, तिचं त्यानंतर. नर्सबाई सांगतात, तिची किडनी चालू झाली, लघवी सुटली. वॉर्डातल्या सगळ्यांना मी हेच सांगतेय. एवढ्या आनंदाने हे वाक्य जगात कोणी बोललं नसेल.

२५ मे

चाकाच्या खुर्चीत बसवून तिला काचेपलीकडून दाखवलं. तोंडाला पट्टी. हात हलवला. मी ओरडून विचारलं, मावली का? तिला ऐकू गेलं नाही.

७ जुलै

डॉक्टर म्हणतात, तीन महिने इथेच राहा, तपासण्या आहेत. त्यामुळे ती समोरच्याच खोलीत आहे, आणि मी दिवसातून दहादा डोकावते. औषध घेतलंस का. पाणी प्यायलीस का. भाजी धुतलेली आहे का. आता पाणी भरपूर प्यायचंय, तर मी पेले मोजते. आज ती काही बोलली नाही, सगळं ऐकत गेली. हो. घेतलं. हो. प्यायले. पूर्वीची टाचणी असती तर तिसऱ्या प्रश्नाला हाकलून दिलं असतं.

मला भीती वाटायला लागली आहे. तब्येतीची नाही.

१४ ऑगस्ट

लेकीला मुलगी झाली. टाचणीने फोटो मला दाखवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अजून महिनाभर थांबले तरी चालेल म्हणते लेक. तिची सासू आहे तिथे."

एवढे दिवस ज्या वाक्याची वाट बघत होते ते आलं. तिचं थांबणं माझ्या नुसत्या गप्प बसण्यावर होतं. मी गप्पच बसले होते, थोडा वेळ. मग तिच्या कपाटावरची बॅग काढली, माझा हात पोचतो तिथे, आणि खाटेवर ठेवली. धूळ झटकताना दोघींना खोकला आला.

६ सप्टेंबर

जावई गाडी घेऊन आले होते. दादाही आला, सामान उचलायला, बोलावलं नसताना. टाचणी दुकानात सगळीकडे फिरली, मशीनवर हात ठेवून नव्या बाईला काहीतरी शेवटचं सांगितलं. मला म्हणाली, "शिडीवर चढताना खाली कोणीतरी धरायला ठेव." मी म्हटलं, ठेवते. एवढंच बोलणं झालं. गाडी वळेपर्यंतही थांबले नाही मी, आत गेले. एका बाईच्या पडद्यांची मापं लिहायची राहिली होती.

समोरच्या खोलीचं दार रात्रभर उघडं होतं. लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

१९ सप्टेंबर

करमत नाही. वहिनींचा फोन आला, चार दिवस या म्हणाल्या. जाईन कदाचित.

१२ नोव्हेंबर

सकाळपासून फोन उचलत नाही. चारदा केला. लेकीचाही बंद. ताप आला असेल, औषध चुकलं असेल, शरीराने किडनी नाकारली असेल. डॉक्टरांनी हा शब्द सांगितला होता, तेव्हापासून मनात रुतलाय. नाकारते म्हणे कधीकधी, वर्षानंतरही. एका घरी पडदे टांगत होते, दोनदा दांडी वाकडी बसली. घरमालकीण म्हणाली, बरं नाही का तुम्हाला?

संध्याकाळी फोन आला. बाजारात गेली होती, पायी, नातीला घेऊन. फोन घरीच राहिला. लेकीचं चार्जिंग संपलं होतं. आवाज खणखणीत. मागे बाळ किंचाळत होतं.

माझा बांध फुटला. बाहेर जाताना फोन न्यायला काय होतं, इथे माझा जीव जायची वेळ आली, तुला कोणाची काही पर्वा आहे का, असं सगळं सुनावलं. कितीतरी दिवसांनी एवढा आवाज चढवला.

आणि तिने ऐकून घेतलं नाही. तीही चढ्या आवाजात म्हणाली, "नाही नेला. आणि रोज चारदा फोनही करायचा नाही. जरा पाय मोकळे करायला निघाले तरी दर वेळी तुला बरोबर घेऊनच हिंडायचं का मी?"

मग ती काय बोलून गेली, ते दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

आधी ती फिस्सकन हसली. मग मी. नवी बाई मशीन थांबवून बघत होती, तिला काही कळेना. हसताना कुशीतला व्रण अजून ओढतो. हाताने दाबून धरावा लागला.